चादरीचं दुसरं टोक

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. ती स्वयंपाकघरात पुटपुटली तरी जिन्यातल्या माणसाला कळतं की मीठ संपलंय. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, लग्न झाल्यापासून एकच वाक्य बोलत आलाय, "हळू बोल, शेजारी ऐकतील." शेजारी ऐकून ऐकून घरचेच झालेत, हे त्याला कोण सांगणार.

यात तिचा काही दोष नाही. ती एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला आहे. इस्पितळांच्या चादरी तिथे येतात, उकळत्या पाण्यात घुसळल्या जातात आणि तापलेल्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडतात. मग दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, की झाली घडी. यंत्रांच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथली खूण हिसक्याची. समोरचीने चादरीला हिसका दिला की हिने हलायचं. त्या घरघरीवर भोंगा गाते, कामाला लागली तेव्हापासून गाते. हिसका आला की ओळ सुरू, घडी पडली की ओळ संपली.

एका नाटकमंडळीचे कपडेही तिथेच धुवायला येतात. ते घेऊन येणारी वेशभूषेची बाई एक दिवस दारातच थबकली.

"हे कोण गातंय?"

"गात नाही हो, ओरडते," मुकादम म्हणाला.

"आम्हाला तेच पाहिजे," बाई म्हणाली आणि तिने भोंग्याच्या हातात एका गाण्याचा कागद ठेवला. मंडळी ग्रीक पुराणावर रॉक संगीतिका बसवत होती. ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि सगळं बोलणं गाण्यातून. येत्या रविवारी ऑडिशन होती.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही जुन्या गोष्टीला घरात मलाच जबाबदार धरतात.

"ताई, ग्रीक पुराणात काय असतं?"

"देव असतात आणि ते आपापसांत भांडतात."

"मग नवीन काय?"

मी कागद वाचला. गाणं नावाड्याचं होतं. मेलेली माणसं पाताळात जातात, वाटेत नदी लागते आणि हा नावाडी त्यांना पलीकडे नेतो. मंडळीला या कामासाठी बाई हवी होती. एवढं सांगितल्यावर भोंगा गप्प झाली. आमच्या घरात ही मोठी घटना असते.

"माणूस जातो आणि त्याची चादर आमच्याकडे येते," ती म्हणाली. "म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत मी आहेच की. ताई, मला हे काम पाहिजे."

इतक्या वर्षांत तिने काही मागितलेलं मला आठवत नाही. दागिना नाही, सहल नाही.

दीर चिडला. "या वयात? आणि तेही मेलेल्यांना गाणी ऐकवायला?"

"मग काय करू? जिवंत माणसं हळू बोल म्हणतात."

तो आठवडाभर आम्ही घरच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत तालीम केली. एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. मी हिसका द्यायची, ती गायची. दीर येऊन खिडक्या लावायचा, तो वळला की मी उघडायची.

ऑडिशन एका बंद पडलेल्या छापखान्यात होती. फरशीवर अजून शाईचे डाग होते. तरुण पोरं-पोरी भिंतीला टेकून आ, ई, ऊ करत घसे साफ करत होती. कोपऱ्यात वाद्यवाले, मधल्या टेबलामागे दाढीवाला दिग्दर्शक. भोंग्याला पुढे बोलावलं. मीही गेले, कारण मला कोणी अडवलं नाही.

ड्रम सुरू झाला, गिटार आली, तिची जागा आली आणि निघूनही गेली. ती दोन्ही हात किंचित पुढे करून उभीच.

"पुन्हा घेऊ," दिग्दर्शक म्हणाला.

पुन्हा तेच. भिंतीजवळची एक पोरगी हसली.

"मावशी, घाबरू नका," दिग्दर्शक म्हणाला.

"घाबरले नाहीये," ती म्हणाली, आणि त्या आवाजाने टेबलावरचा चहा हलला असावा. "तुमच्यातला कोणी हिसकाच देत नाही, तर मी सुरू कशी करू?"

कोणाला काही कळेना. मला कळलं, आणि मी कपाळावर हात मारला. ऑडिशनला हातात चादर नसणार, हे आम्हा दोन घोडबायकांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दिग्दर्शक पुढचा कागद उचलत होता. मी पुढे होईपर्यंत भोंग्याने कडेच्या पियानोवरचं लांबलचक काळं कापड ओढून काढलं होतं. त्याचं एक टोक तिने सरळ दिग्दर्शकाच्या हातात दिलं.

"धरा. दोन्ही कोपरे. असे नाही, अंगठा आत. माझी जागा आली की हिसका द्या."

"मी?"

"मग काय टेबल देणार?"

तो बिचारा उठला. ड्रम वाजला, त्याने पडदा सरकवावा तसा लाजत हिसका दिला आणि तिने आवाज सोडला.

*हात मोकळे कर, नाव लहान आहे,*
*घर मागे ठेव, पाणी फार आहे.*

छापखान्याच्या काचा थरथरल्या. दर ओळीला ती एक घडी घालत होती आणि दर घडीला तो पुढे ओढला जात होता. त्याला घडी कुठे येत होती? तो नुसताच येत होता, मेलेल्या माणसासारखा. ड्रमवाला तिच्याकडे बघत जोरात वाजवायला लागला, ती त्याच्याही वर गेली. शेवटच्या ओळीला दोघं समोरासमोर आली. तिने त्याच्या बोटांतून कोपरे काढून घेतले आणि तो रिकाम्या हातांनी उभा राहिला.

मघाची पोरगी आता हसत नव्हती.

"हे असंच ठेवायचं," तो हातांकडे बघत म्हणाला. "कापडासकट."

"म्हणजे मला घेतलं का? मोठ्याने सांगा, मी यंत्रांत काम करते."

"घेतलं," तो ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"मग तालमी संध्याकाळी ठेवा. सकाळी माझी पाळी असते." कापडाची घडी नीट पियानोवर ठेवून ती बाहेर पडली.

पहिल्या प्रयोगाला धुलाईखान्याच्या बायका मुकादमासकट मधल्या रांगा अडवून बसल्या होत्या. तिच्या चादरीला पहिला हिसका बसला तेव्हा त्या सगळ्यांचे हात मांडीवरच हलले. दिराने मात्र शेवटच्या रांगेतली, दाराजवळची खुर्ची घेतली होती. म्हणजे लाज वाटली तर सटकता येईल. तो सटकला नाही. प्रयोग संपून दिवे लागल्यावरही बसून होता.

"काय भाऊजी, मागे ऐकू आलं का?" मी विचारलं.

"एकेक शब्द, वहिनी."

तोंडावरचा रंग तसाच ठेवून भोंगा बाहेर आली आणि सगळ्यात आधी त्याच्याकडेच गेली. "फार मोठ्याने झालं का हो?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घरी निघालेल्या गर्दीकडे पाहिलं.

"शेजाऱ्यांना आणायला हवं होतं," तो म्हणाला.