सव्वातीनवर अडलेला भेडाघाट

माझ्या नणंदबाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं भेडाघाटला जाणं बंद झालं. नाव आहे, नर्मदा आहे, पण नावेपर्यंत उतरायच्या पायऱ्या त्यांना आता जमत नाहीत. त्या नागपूरला असतात. यंदा दिवाळीला माहेरी, म्हणजे भेडाघाटजवळच्या आमच्या शहरात, येते म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता आमच्या यजमानांना म्हणाल्या, "येऊन तर राहिले रे भाऊ, पण नावेत बसणं आता या जन्मी होत नाही."

त्या एका वाक्याने हा माणूस पेटला. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्यांना फोटोंचा नाद आहे. नावेत बसून त्यांनी एका काठचे संगमरवरी कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत टिपून आणले. ते सगळे फोटो जोडून एकच लांबलचक चित्र करायचं, कमानिया गेटजवळच्या दुकानातून फ्लेक्सवर छापून आणायचं आणि हॉलच्या भिंतीला लावायचं, असा बेत. बेत चांगला होता, कॉम्प्युटर नालायक होता. अर्ध्यापर्यंत कडे जुळायचे आणि मग पडद्यावर पाटी यायची की मेमरी पुरत नाही.

"मग तुकडे तुकडे चिकटवा ना," मी म्हटलं.

"ताई काय बसच्या खिडकीतून पाहून राहिली? नावेत बसवायचं आहे तिले."

मला ते पटलं, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

गोहलपूर भागातल्या एका दुकानातून आम्ही मेमरीची नवी पट्टी आणली. जुनी चार जीबीची, नवी चारची, मिळून आठ. घरी आणून लावली, तर कॉम्प्युटर म्हणतो, वापरता येईल सव्वातीन. आधीही सव्वातीनच म्हणत होता. अख्खी पट्टी गिळली आणि साधा ढेकर दिला नाही.

माझं डोकं फिरलं. मी पोस्टात नोकरी केली आहे, खिडकीवर बसून भल्याभल्यांना सरळ केलं आहे. दिवाळी तोंडावर आलेली, नणंदबाईंचं तिकीट झालेलं, आणि कोणी आमच्या गळ्यात खोटा माल मारतो? कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला, यजमानांना शेजारी बसवलं आणि दुकानात पाय ठेवताच सुरुवात केली, "भैया, ये नकली माल किसको टिका रहे हो?"

दुकानदाराने मला पूर्ण बोलू दिलं. माझं बोलणं होईपर्यंत त्याचा चहाही पिऊन झाला. मग त्याने आमची पट्टी स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून दाखवली. तिथे ती पुरी भरली.

"दीदी, माल असली है. आपका ऑपरेटिंग सिस्टम पुराना है, बत्तीस बिट का. उसके पास पते ही कम हैं."

पत्ते म्हटल्यावर मी कान टवकारले. पत्ते हा माझा प्रांत. थोडं खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मेमरीच्या प्रत्येक खोलीला नंबर लागतो. बत्तीस बिटच्या सिस्टमकडे चार जीबीपुरतेच नंबर, त्यातलेही काही पडद्याच्या कार्डासाठी आणि इतर सामानासाठी राखून ठेवलेले. उरतात ते सव्वातीनच्या आसपास. पुढे कितीही मेमरी लावा, ती तिथे असते, पण सिस्टम तिच्याकडे फिरकत नाही. मी यजमानांना तिथल्या तिथे समजावलं, "कॉलनीत नवी घरं बांधली, पण नंबरच नाही दिले, तर पोस्टमन जाईल कसा तिकडे?"

"दीदी, कल से काउंटर पर आप ही बैठो," दुकानदार म्हणाला. माझा राग तिथेच उतरला.

आमचा कॉम्प्युटर चौसष्ट बिटची सिस्टम चालवू शकत होता, आजवर कोणी घातली नव्हती एवढंच. यजमानांनी आधी सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर काढून घेतले. मग दुकानदाराने नवी सिस्टम घातली, फोटो जोडायचा प्रोग्रामही चौसष्टवाला घातला. या वेळी कॉम्प्युटरने आठच्या आठ मोजली.

संध्याकाळी घरी कडे जुळायला लागले. अर्ध्याची ती जागा आली तसे आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. पाटी आली नाही. कडे पुढे सरकत राहिले, पार शेवटच्या खडकापर्यंत. यजमानांनी माझा हात धरला. यापूर्वी बहुधा लग्नातच धरला होता. मला फार आनंद झाला.

नणंदबाई आल्या त्या दिवशी हॉलची भिंत या दारापासून त्या खिडकीपर्यंत भेडाघाट झाली होती. यजमानांनी कॉम्प्युटरची चाकांची खुर्ची आणली, बहिणीला तिच्यात बसवलं आणि भिंतीच्या कडेकडेने हळूहळू ढकलू लागले. वर तिथल्या यमकं जुळवत माहिती सांगणाऱ्या नावाड्यांच्या थाटात सूर लावला, "देखो बहनजी चट्टान गोरी, आगे आएगी काली, धीरे चलेगी नाव हमारी, कोई न देना गाली!"

नणंदबाई इतक्या हसल्या की खुर्ची हलली. मग त्यांनी दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं, नावेत धरतात तसं. वानर या काठावरून त्या काठावर उड्या मारतात म्हणतात ती अरुंद जागा आली तेव्हा म्हणाल्या, "थांबव जरा," आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

चित्र संपलं. खिडकीशी खुर्ची थांबली. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"आता पायऱ्या चढा लागतीन का रे?"

"एकबी नाही, ताई."

त्यांनी खुर्चीचे हात पुन्हा धरले. "मग उतरते कोण? वळव नाव."