पहिली खाच, पहिला बाइट

चाकूरात माझं आयुष्य जळालेल्या मोटरींत तांब्याची तार भरण्यात गेलं. शाळा चौथीपर्यंत. बायको वारल्यापासून नांदेडला पोरीकडं राहतो. ती डिप्लोमाच्या पोरांना मायक्रोकंट्रोलर शिकवती. म्हंजे नखाएवढी काळी चिप. तिला जे लिहून द्यावं ते ती करती.

असली एक चिप पोरीनं मागं आमच्या शेतातल्या स्टार्टरला डबीत बसवली होती. लाईट आली की डबी मला फोन लावायची अन् पोरीनं तिच्यात भरून ठेवलेल्या आवाजात बायको बोलायची, "लाईट आली हो. चहा पिऊन जा, मोटर कुठं पळून जाती." बायकोचा दुसरा आवाज कुठंच न्हाई. मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची.

या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं अन् डबी जळाली. चाकूरला जाऊन ती पिशवीत घातली अन् बसनं नांदेडला आणली. पोरीनं तिच्यातली सगळी मेमरी ओढून नव्या चिपमध्ये घातली. पण आवाज धड हाय का जळाला, हे वाजवल्याशिवाय कळणार न्हवतं. अन् वाजवायची प्रोग्रामातली ओळ मी लिहिणार म्हणून मी हटून बसलो.

"बाबा, त्याला पॉइंटर यावा लागतो."

"मग शिकव की. दिवसभर पंख्याकडं बघत बसू का?"

पॉइंटर काई डोक्यात शिरंना. ती म्हणली, मेमरी म्हंजे ओळीनं घरं, हर घराला नंबर. पॉइंटरमध्ये माल नसतो, मालाच्या घराचा नंबर असतो. म्हणलं, तो नंबर कुठं ठेवला? म्हणली, तो बी एका घरात. म्हणलं, त्या घराला नंबर हाय? म्हणली, हाय. मी चष्मा काढून ठेवला. त्यात मधीच एक चांदणी काढायची. चांदणी असली तर घरातला माल, नसली तर नुसता पत्ता. चांगल्या माणसाचं डोकं फिरवायचा धंदा हाय हा.

"तुमच्या मोटरीच्या खाचांसारखंच समजा," पोरगी म्हणली. "आवाज पहिल्या बाइटपासून, म्हंजे पहिल्या घरापासून हाय." अन् क्लास घ्यायला गेली.

खाचा मला कळतात, तार त्यातच भरायची असती. पहिल्या खाचेवर खडूची खूण करायची, तिथून एक, दोन, तीन. मी एका बोटानं लिहिलं: मेमरीचं नाव, अधिक, एक.

बटण दाबलं. पत्र्यावर खडी ओतल्यागत नुसता खरखराट. पुन्हा दाबलं, तेच. स्पीकरला कान लावून बसलो, खरखरीत कुठं तरी ती असंल म्हणून. न्हवती. म्हणलं, गेली. दुसऱ्यांदा गेली.

पोरगी आली तवा मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. तिनं स्क्रीन बघितली अन् हसली.

"माय गेली तुझी, अन् हसती काय?"

"बाबा, इथं मोजणी शून्यापासून असती. पहिला बाइट म्हंजे अधिक शून्य. आवाजाचा हर तुकडा दोन बाइटांचा. तुम्ही एक घर सोडून सुरू केलं, म्हणून ह्या तुकड्याचं अर्धं अन् पुढच्याचं अर्धं जोडून वाजलं."

"शून्य म्हंजे तर न्हाई. न्हाई तिथून कसं मोजतात?"

"इथं मोजतात. खोडा तो एक. तुम्हीच खोडा."

खोडला. पण बटणावरचं बोट दबंना. मघा ती न्हाई असं पक्कं तरी होतं.

"दाबा की."

"थांब जरा."

मग दाबलं. "लाईट आली हो. चहा पिऊन जा..." जशीच्या तशी. थोडी करवादलेली. पोरीनं ओढणी तोंडाला लावली. मी येड्यागत त्या चिपकडं बघून राहिलो. मघाही ती तिथंच होती म्हणं, पुरी. मग मला ऐकू का आली न्हाई, हे समजलं बी अन् न्हाई बी.

"वाजवून झिजतं का गं हे?"

"वाचून न्हाई झिजत बाबा. लिहून झिजतं."

"मग आता त्याच्यात कुणी काई लिहायचं न्हाई," म्हणलं, अन् पुन्हा बटण दाबलं.