आंब्यांची तार

गेल्या महिन्यात एका सकाळी टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी तार आली. मुंबईहून, माझ्या धाकट्या भावाची, वामनची... 'आंबे निघाले. पिकलेले.'

मुंबईत प्लेग वाढला तेव्हा ही खूण आम्ही दोघांनी ठरवलेली. नुसता ताप असेल तर कच्चे आंबे, गाठ आली तर पिकलेले; 'निघाले' म्हणजे तो घरी यायला निघाला. सरळ लिहिलं असतं तर बातमी पोस्टातच फुटली असती आणि त्याला प्लेगच्या कॅम्पात नेलं असतं.

"काय म्हणतो वामन?" तात्यांनी विचारलं. वडिलांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. मी तार होती तशी वाचून दाखवली... आणि त्यांनी खूश होऊन शेजारच्या गंगाकाकूंना हाक मारली. "गंगाबाई, नातवंडांना पाठवा दुपारी, आंबे येतायत!"

दुपारी तिन्ही पोरं ओट्यावर हजर. रेल्वेत डॉक्टर तपासतात, म्हणून वामन छकड्यातून येणार होता... कुठल्याही क्षणी.

मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. सांगितलं तर भाऊ जातो. नाही सांगितलं तर... धाकटी पोर तात्यांच्या मांडीवर बसलेली.

शेवटी काकूंच्या दारात गेलो. "काकू, पोरांना आत घ्या. आंबे नाहीत. वामनला गाठ आलीय."

काकूंनी पोरांना ओढत नेलं, कडी लावली. मग खिडकीतून आवाज आला, "मी कुठे बोलणार नाही रे. पण डॉक्टरला तू सांग. आज माझी पोरं होती, उद्या आणखी कोणाची असतील."

मी दवाखान्यात गेलो. छकडा आला तेव्हा डॉक्टर दारात उभे होते.

"दादा, तू सांगितलंस?" वामनने एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्याला आणि घरातले म्हणून तात्यांना नि मलाही कॅम्पात नेलं.

चौथ्या दिवशी तो कॅम्पातच वारला. शेवटचं पाणी माझ्याच हातून प्यायला... रागावला नव्हता, असं मी धरून चालतो.

खूण ठरवताना आम्ही फक्त वामनचा विचार केला. तिच्यापायी दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात येईल, हे सुचलंच नाही.

आळीत आणखी कोणाला ताप आला नाही. तात्या आणि मी कॅम्पातून सुटून आलो, तेव्हा लोक आमच्या दारावरून जायलाही भीत होते. काकू मात्र स्वतः ताट घेऊन आल्या, तात्या जेवेपर्यंत समोर बसल्या. मला अजून त्यांचे धड आभारही मानता आलेले नाहीत... निदान इथे लिहून ठेवतो.