शेजाऱ्यांच्या भावाची गाडी

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला आमच्या शेजारी एक आयरिश गृहस्थ राहायचे. सत्तरीचे, एकटे. घरात मी आणि नवरा त्यांना काका म्हणायचो. मी कॉम्प्युटर चिपच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. वेल्डिंग मात्र भोसरीला बाबांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिकलेले. २०२०च्या हिवाळ्यात हे काकांना कळलं, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. फार लवलवते. ताठ करून देशील?"

लॉकडाऊनमध्ये करायला दुसरं होतं तरी काय! मास्क लावून, काकांच्या शेडची दारं सताड उघडी ठेवून आम्ही कामाला लागलो.

गाडी अमेरिकन होती. लांबलचक, काळी, भल्यामोठ्या इंजिनाची. पुढची बाजू जॅकवर उचलली, तर दार बंदच होईना. अशा गाड्यांना सलग चासी नसते. पुढे एक चौकट, मागे एक, आणि मधे नुसता पत्र्याचा तळ. जोर पडला की अख्खी गाडी पिळवटते. दोन्ही चौकटींना जोडणारे जाड चौकोनी पाइप खालून वेल्ड करायचे, असं मी ठरवलं.

गाडीखाली गंजरोधक डांबराचा थर खरवडताना डाव्या बाजूला चौकटीला गेलेली मोठी चीर दिसली. मी काकांना दाखवली. ते टॉर्च धरून खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"ही आधीची, की नंतरची?"

"कशाच्या नंतरची?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. स्लायगोकडच्या एका वळणावर ती दगडी भिंतीवर आदळली, आणि तो जागच्या जागी गेला. बरीच वर्षं झाली; पुढचा पत्रा बदलून काकांनी ती ठेवून घेतली होती. तो तेव्हा उदास असायचा. त्यानं मुद्दामच गाडी घातली, असं गाव म्हणत राहिलं.

मी चीर पुन्हा नीट पाहिली. आतपर्यंत गंजलेली. "आता नाही सांगता येणार," मी म्हटलं.

त्यानंतर ते एकच विचारायचे. "वळणावर टिकेल ना?" नवरा म्हणाला, "अगं, सोड ते काम. मला त्यांचं लक्षण ठीक दिसत नाही." पण अर्धवट जोडलेली गाडी त्यांनी तशीच बाहेर काढली असती. चिरलेला भाग कापून मी नवा बसवला, गाडी चाकांवर भार देऊन सपाट उभी केली आणि पाइप जोडले. दार बोटानं ढकललं तरी बंद व्हायला लागलं.

२०२१च्या उन्हाळ्यात प्रवासावरची बंदी उठली. काकांनी त्या वळणाकडे चल म्हणून बोलावलं आणि मी गेले. जोड माझे होते, त्यांना एकट्यानं जाऊ देववेना. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे मी रस्त्याच्या मधल्या बाजूला. समोरून येणारी प्रत्येक लॉरी जणू माझ्याच अंगावर यायची.

वळण उजवीकडे जात होतं. डावीकडे भिंत. काकांनी वेग कमी केला नाही. मी दाराची मूठ धरून डोळे मिटले. टायर किंचाळले, पण गाडी जराही पिळवटली नाही. पुढे जाऊन ती थांबली.

"म्हणजे गाडीच होती," काका म्हणाले. "तो नव्हता."

मला गप्प बसवेना. "तेव्हाची गाडी ही नव्हे हो, आता हिला नवे पाइप आहेत. यावरून काहीच कळत नाही."

त्यांनी मान हलवली. "मग पुन्हा एकदा."

"मी उतरते. तुम्हीही उतरा."

मी उतरले. ते नाही उतरले. गाडी वळवून ते उलटे गेले, वळणापलीकडे दिसेनासे झाले. मी कुणाच्या तरी शेताच्या फाटकाला धरून उभी राहिले. लांबून इंजिनाचा आवाज चढत आला, आणखी चढला, आणि एकदम बसला. मी आदळण्याची वाट पाहत होते.

वळणावरून गाडी चालत्या माणसाच्या वेगानं आली. काच खाली होती. काका रडत होते. "बैस," ते म्हणाले. "घरी जाऊ."

पुढच्या रविवारी ते इंजिन पुन्हा सुरू झालं. मी वर खिडकीशी गेले आणि काका परत येईपर्यंत तिथून हलले नाही. असे बरेच रविवार गेले. पानगळीत किलकेनीहून कुणीतरी ट्रेलर घेऊन आलं आणि गाडी विकत घेऊन गेलं. काका दारात उभे होते. मी कुंपणावरून विचारलं, "बरे आहात ना?"

"ग्रँड," ते म्हणाले. इथे 'ठीक आहे' म्हणायला हाच शब्द. आणि ते आत गेले.