हमीदचाचांची दुसरी कवळी

सदाशिव पेठेत दवाखाना थाटल्यावर डॉक्टर कादर मणियारचं नाव झालं ते पुढच्या दातांमुळे. वाकडे, पिवळे, फट पडलेले दात घेऊन माणसं यायची आणि हातातल्या आरशात बघत बघत जिना उतरायची. कादरला फट म्हणून सहन व्हायची नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरच्याचं तोंड बघून त्याचे हात शिवशिवायचे. बायको नसीमबानू हळूच म्हणायची, "अहो, ताटात बघा."

रविवारी मात्र तो दातांचं नाव काढायचा नाही. स्कूटरला गळ बांधून खडकवासल्याला जायचा, मासा लागो न लागो, उन्हात रापून परत यायचा. नाना पेठेतल्या घराच्या गच्चीवर वडिलांची कबुतरं होती. त्या वासाचा त्याला वीट होता, त्यामुळे वर तो कधी पाऊल टाकत नसे.

वडिलांना सगळी पेठ हमीदचाचा म्हणायची; त्यांचा जीव त्या कबुतरांत. ऊन कललं की ते थवा उडवायचे आणि उतरवायची वेळ झाली की शीळ घालायचे. शीळ पार गल्लीच्या टोकापर्यंत जायची. कादर ती जन्मापासून ऐकत आला होता.

मग चाचांच्या हिरड्या बिघडल्या, दात हलायला लागले, सगळेच काढावे लागले. कवळी कादरने स्वतः केली. चाचांच्या पुढच्या दोन दातांत आयुष्यभर फट होती, ती त्याने अर्थातच बुजवली. चाचा आरशात बघून म्हणाले, "नवरदेव केलास की रे!" पाहुणेरावळे तोंडभरून कौतुक करून गेले. कादरला आपल्या हाताचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

शीळ निघायची ती त्या फटीतून. संध्याकाळी गच्चीवर चाचांनी जीव तोडून फुंकलं, नुसता वारा आला. डबा वाजवून झाला, दाणे उधळून झाले. कबुतरं शिळेला सरावलेली. पलीकडचा गेनबाही कबुतरं पाळायचा; घिरट्या घालून दमलेली दोन त्याच्या गच्चीवर त्याच्या शिळेला उतरली. पुढे रोज थोडी थोडी तिकडेच गेली. दुसऱ्याकडे उतरलेलं कबूतर परत मागायचं नाही, हा या शौकातला शिरस्ता. चाचांनी मागितलं नाही. मुलालाही काही बोलले नाहीत; त्याने एवढ्या हौसेने केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची?

शेवटी नसीमबानूच म्हणाली, "अहो, हल्ली वाळत घातलेल्या कपड्यांना एक पीस चिकटत नाही. अब्बांना विचारलंत कधी?"

कादर गच्चीवर गेला. खुराडी रिकामी होती. चाचांनी सगळं सांगितलं, तेही हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

"अब्बा, मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस कुठं?" चाचा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून कादरला जास्तच लाज वाटली. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला बापाची शीळ कुठून येते हे ठाऊक नव्हतं.

त्याने दुसरी कवळी करायला घेतली, फटीची. चाचा दवाखान्यातल्या खुर्चीत बसून फुंकायचे, कादर जरा घासायचा, चाचा पुन्हा फुंकायचे. एके दिवशी शीळ अशी खणखणीत आली की बाहेर नंबराची वाट बघत बसलेल्या आप्पासाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "आता हेही शिकवता वाटतं इथे," ते म्हणाले.

बापलेक तडक घरी गेले, सरळ गच्चीवर. चाचांनी कठड्याशी उभं राहून फटीला जीभ लावली आणि शीळ घातली. हुबेहूब जुनी शीळ. पलीकडे गेनबाच्या गच्चीवर एकदम गलबला उडाला. कबुतरांनी माना वर केल्या, कठड्याकडे धावली, पण उडालं एकही नाही. नव्या कबुतराला गच्ची अंगवळणी पडेपर्यंत त्याचे पंख दोऱ्याने बांधून ठेवतात. गेनबानेही बांधले होते. बांधल्या पंखांनी ती एकमेकांवर आपटत राहिली.

"अब्बा, अजून एकदा," कादर म्हणाला.

चाचांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली.

"काम फक्कड झालंय तुझं," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "पण पुन्हा नको वाजवायला. बिचारी उगाच धडपडतात."