तांब्याच्या तारेचा दोर

माझं लग्न झालं आणि महिन्याभरात हे पलटणीत गेले. परत आले ते लढाई संपल्यावर. मधली वर्षं मी रहिमतपूरला सासरी काढली, पण ज्यांच्या नावाचं कुंकू लावत होते त्यांचा चेहरा मला नीट आठवत नसे. आठवायला बसले की कधी नाक आठवे, कधी नुसता फेटा. म्हणून ते दारात उभे राहिले तेव्हा सासूबाई रडायला लागल्या आणि मी मात्र पाहुणा आल्यासारखी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेले.

ते दिवस मला अजून पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात. थंडी होती. सकाळी धुकं शेतावरून उठून परड्यातल्या शेवग्यापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. त्या धुक्यात हे शिवणीच्या लाकडाचा एक ओंडका तासत बसायचे. काय करताय, असं विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. सासूबाईंनी विचारलं.

"रनगाडा हाय," हे म्हणाले.

"कशापायी रं?"

"इस्लामपूरच्या अंगाला द्यायचाय. दोस्ताच्या घरी."

पुढचं त्यांनी आईला सांगितलं आणि मी उंबऱ्याआडून ऐकलं. ब्रह्मदेशात हे रणगाडा चालवायचे आणि दोस्त त्याच गाडीवर होता. तिकडच्या पावसात रणगाडे ओढ्यांत रुतून बसायचे. मग दुसऱ्या रणगाड्याला तारेचा जाड दोर लावून त्यांना ओढून काढायचं. तो दोर घेऊन चिखलात उतरायचं काम दोस्ताचं. एकदा असाच तो उतरला, दोर अडकवला, हात वर करून "ओढ" अशी खूण केली, आणि तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून गोळी आली.

दोस्ताचे वडील यांना साताऱ्यात भेटले होते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "माझं प्वार तिथं काय करत हुतं?" यांना सांगता आलं नाही. ज्यानं रणगाडाच पाहिला नाही त्याला सांगायला सुरुवात कुठून करायची?

रणगाडा हळूहळू आकाराला आला. जुन्या वहाणेच्या कातड्याचे पट्टे चाकांवर बसले, पुढं बोरूची तोफ आली. अडलं ते दोरापाशी. आधी सुतळी लावली, तर तिला केसच केस. मग मेण लावलेला दोरा आणला. तो गुळगुळीत होता, पण अंगात वजन नव्हतं. रणगाड्याच्या पाठीवर टाकला की हवेत तरंगल्यासारखा राहायचा. हे तो काढायचे, पुन्हा लावायचे, लांब जाऊन बघायचे. "दोर असा बसत न्हाई," असं स्वतःशीच म्हणायचे. "त्यो पडून राहतो. दमलेल्या जनावरागत."

एक दिवस ते साताऱ्याच्या मोटारीच्या गॅरेजातून जळक्या डायनामोची तार घेऊन आले. केसाएवढी बारीक, तांब्याची, वर काळपट रोगण. पण तीही ताठ. वळवली तिकडं न जाता आपल्याच मनाला येईल तिकडं उसळायची. दुपारी सासूबाई शेजारी वाती वळायला गेल्या होत्या. हे पायरीवर तो गुंता मांडीवर घेऊन बसले होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी तार उचलली आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवली. रोगण जळून वास सुटला, तार लाल झाली. चिमट्यानं काढून पाण्यात टाकली तेव्हा ती शिजलेल्या शेवयांसारखी मऊ झाली होती. माझ्या आईनं तांब्याचं वळं असंच मऊ करून माझ्या हातात घातलेलं मी पाहिलं होतं.

ह्यांनी ती बोटावर टाकून पाहिली. बोटाच्या दोन्ही बाजूंना ती निमूट खाली लोंबली. ते माझ्याकडं बघत राहिले. मग तारेचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

ओट्याच्या एका कडेला मी आणि दुसऱ्या कडेला ते. मधे उन्हात तार. मी एका अंगाला पिळायचं, त्यांनी दुसऱ्या अंगाला. पीळ भरत गेला तशी तार ओढ घ्यायला लागली.

"आवं, पुढं या जरा," मी म्हणाले. "पिळानं तार आखडते. तुटंल."

मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं. ते एक पाऊल पुढं आले. थोड्या वेळानं मी पुढं झाले. असे पदर तयार झाले आणि ते एकत्र वळायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "आता उलटं फिरवा."

"उलटं कशापायी?"

"माझ्या माहेरी अंबाडीच्या वाखाचा दोर वळतात. पदराला एका अंगाचा पीळ, तर दोराला दुसऱ्या अंगाचा. मग ते एकमेकाला धरून बसतात. सुटत न्हाईत."

"व्हय?" ते म्हणाले आणि हसले. त्यांचा एक दात किंचित आडवा होता, हे मला तेव्हा कळलं. दोर आखडत गेला, आम्ही पुढं सरकत गेलो, आणि शेवटी आमच्यात वीतभरच अंतर उरलं. परड्यात कावळा ओरडला, सासूबाईंची चाहूल लागली आणि मी घाईनं चुलीपाशी पळाले.

नवा दोर फार झळकत होता, म्हणून मी काजळात तेल कालवून तो माखला आणि फडक्यानं पुसला. पिळाच्या खाचांत काळं राहिलं, वरचे उंचवटे तेवढे मंद चमकले. ह्यांनी एका टोकाला फास केला, दुसऱ्याला आकडा. रणगाड्याच्या पाठीवर टाकला तर खरंच पडून राहिला.

सासूबाईंनी मलाही बरोबर धाडलं. आगगाडीनं ताकारीपर्यंत गेलो, पुढं नावेनं कृष्णा ओलांडली. पाणी इतकं संथ होतं की नाव चालली आहे की काठ मागं सरकतो आहे, कळत नव्हतं. मांडीवर मळक्या धोतरात गुंडाळलेला रणगाडा होता.

दोस्ताचं घर उसाच्या कडेला होतं. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी धोतराची गाठ सोडली आणि रणगाडा फिरवून फिरवून बघितला.

"ह्यात मानूस कुठं बसतंय?"

"आत. त्यो माझ्या शेजारी बसायचा." ह्यांनी दोर उचलून त्यांच्या हातात दिला. "आनि ह्यो घिऊन उतरायचा."

"जड हुता?"

"लय जड. बाकीच्यांना दोघं लागायचे. त्यो एकटाच खांद्यावर टाकायचा."

म्हाताऱ्यांनी दोर बोटावर तोलला. "आनि ह्ये दुसरं टोक?"

"रुतलेल्या गाडीला."

म्हातारे उठून गोठ्यात गेले आणि बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा घेऊन आले. न्हाणीच्या पाण्यानं चिखल झाला होता, तिथं त्यांनी ती अर्धी दाबली. घंटेच्या कडीत आकडा अडकवला, फास रणगाड्याला लावला आणि गुडघ्यांवर बसून रणगाडा दोन्ही हातांनी पुढं ओढायला लागले. दोर ताठ झाला. चिखलातून पचकन आवाज आला आणि घंटा बाहेर येऊन आडवी पडली.

दाराशी दोस्ताची आई बसली होती. तिला मोतीबिंदूनं दिसत नसे. तिनं विचारलं, "निघाली का वं?"

"निघाली," म्हातारे म्हणाले. "तुझ्या लेकानं काढली."

तिनं पदर तोंडाला लावला. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गरम भाकरी आणि त्यावर काकवी.

परतीच्या गाडीत ह्यांना झोप लागली. बघता बघता मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. चारचौघांत! समोरच्या बाईनं तोंड फिरवून हसू दाबलं. मला लाज वाटायला हवी होती, पण मी हलले नाही. खिडकीतून उसाचे तुरे मागं जात होते. रहिमतपूर आलं, गाडी थांबली, सुटली. मी त्यांना उठवलं नाही. पुढच्या स्टेशनावर, कोरेगावला उतरून आम्ही दोघं बोलत बोलत चालत घरी आलो.