हळदीच्या जात्यापाशी

सन १९५७, वैशाख, माझ्या मुलीच्या लग्नाच्या आधीचा दिवस. चिंचवडच्या आमच्या घरी हजर: माझी आई, दिघीची चुलती, माझ्या दोन जावा, शेजारच्या तिघी. नवरदेव नव्या कारखान्यात कामाला, रजा एकाच दिवसाची, त्यामुळे त्याच्याकडची मंडळी दुसऱ्या दिवशी थेट मांडवात येणार होती. सामान सकाळीच लावून ठेवलं होतं. हळद दळायची बाकी होती.

माझ्या लग्नात हीच हळद दळताना आईनं जात्याच्या खुंट्याला हात घातला, तेव्हा चुलतीनं तिला सगळ्यांदेखत उठवलं होतं. "विधवेचा हात हळदीला लागत न्हाई. गोठ्याकडं बस जा," असं ती म्हणाली. आई गेली. लेकीची हळद तिनं गोठ्यातून ऐकली. त्या दिवसापासून मी कुठल्याही कार्यात आधी बघते, कोण कुठं बसलंय आणि कुणाला उठवलंय.

म्हणून या वेळी पहिलं काम ठरलेलं होतं. आईचा हात धरून तिला जात्यापाशी बसवलं. जावा एकमेकींकडं बघायला लागल्या.

चुलतीच्या कपाळावरचं कुंकूही दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. आईला बसलेली बघून ती लगबगीनं पुढं आली. "बरं केलंस पोरी. आता कारखान्यांचा काळ आलाय, जुनं कोण धरून बसतंय," म्हणत समोर बसून तिनं खुंट्याला हात घातला.

मी तो हात काढला. "काकू, तुम्ही गोठ्याकडं बसा."

"आणि तुझी आई?"

"नियम तुमचा हाय. तुम्हालाच लागू."

ती उठली. शेजारीण ओवी विसरली. आईनं मान वर केली नाही, पण जातं थांबवलंही नाही. हळद बारीक उतरली.

लोक सांगतात, झालं गेलं सोडून द्यावं. सोडून काय उरेल? माझी शिस्त, माझी जीभ, माणसं बसवायची माझी रीत, सगळी त्या गोठ्याच्या दारात तयार झाली. ती माझी आहे, मला तिची लाज नाही. चुलती मान खाली घालून गेली ते आठवलं की आजही बरं वाटतं.

लग्नानंतर भावकीत लाडू पोचवायचे असतात. आई एवढंच म्हणाली, दिघीला काकूचे लाडू तू स्वतः घेऊन जा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नको. बाकीची घरं त्याच आठवड्यात उरकली. दिघीला जायचं अजून राहिलंय.